शिळाछापखान्यांतील कारागिरांचा दिनक्रम

आपल्याकडील पोथीसंग्राहकांची एक रूढ रीत आहे. रुमाल सोडावा, पानें चाळावीं, आणि पोथी हस्तलिखित नसून शिळाछापाची आहे असें कळतांच ती बाजूस ठेवावी. अशा बाजूस ठेवलेल्या पोथ्या पुढें रद्दींत जातात, किंवा घरांतील वृद्ध माणसें त्या नदींत सोडतात. हस्तलिखित एकच असतें, छापाच्या प्रती शेंकडों असतात. तेव्हां छापाची एक प्रत गेली तर काय बिघडलें, असा यामागचा हिशेब. खिळ्यांच्या छापास हा हिशेब कदाचित् लागू पडेल. शिळाछापास तो लागू पडत नाहीं, असें आमचें मत आहे. तें कां, हें समजण्यास शिळाछापखान्यांत काम कसें चाले व तें करणारे लोक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काय करीत, हें पाहिलें पाहिजे. या छापखान्यांच्या मालकांविषयीं आजवर बरेंच लिहिलें गेलें आहे. कारागिरांविषयीं फारच थोडें.

या कलेचा जनक आलोइस सेनेफेल्डर हा बव्हेरियांतील एक नाटककार. आपलीं नाटकें स्वस्तांत छापतां यावीं या खटपटींत तो होता. १७९६ सालीं एके दिवशीं आईनें धोब्यास द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहून घेण्यास सांगितलें. हाताशीं कागद नव्हता, म्हणून मेण, साबण व काजळ यांच्या शाईनें त्यानें ती घासलेल्या दगडावर लिहिली, आणि तेथून पुढचें सर्व सुचलें, असें त्यानें १८१८ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत स्वतःच नमूद केलें आहे. १७९८ च्या सुमारास युक्ति पूर्णत्वास गेली. तिचें मर्म एवढेंच कीं, तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. सोल्नहोफेनच्या खाणींतील बारीक कणांचा चुनखडीचा दगड स्निग्ध पदार्थ जितक्या आवडीनें धरतो तितक्याच आवडीनें पाणीही धरतो. त्यावर स्निग्ध शाईनें लिहावें व मग दगड ओला करावा. लिहिलेल्या जागीं पाणी टिकत नाहीं, कोऱ्या जागीं टिकतें. आतां छपाईच्या शाईचा रूळ फिरविला कीं शाई अक्षरांस लागते, इतरत्र लागत नाहीं. दगडांत कांहीं कोरावयाचें नाहीं, कांहीं उठावाचें करावयाचें नाहीं. लिहितां आलें म्हणजे पुरे.

ही शेवटची गोष्ट मराठीस विशेष मानवली. बालबोध लिपीचे खिळे ओतावयाचे म्हणजे मूळाक्षरें, मात्रा, रफार व जोडाक्षरें मिळून शेंकडों घाट तयार करावे लागत. मोडीचें प्रकरण तर याहून अवघड. शिळाछापास चांगल्या हाताचा एक लेखक मिळाला कीं काम भागे. म्हणूनच खिळे सुधारल्यावर आणि १८६९ त जावजी दादाजी यांचें निर्णयसागर निघाल्यावरही शिळाछाप लगेच मागें पडला नाहीं. मोडी वाचनाचीं शालेय पुस्तकें तर विसाव्या शतकांतही शिळाछापाचींच असत.

मुंबईस हा धंदा एतद्देशीयांच्या हातीं आणण्याचें श्रेय गणपत कृष्णाजी यांचें. मिशनरी लोकांनीं छापलेलीं पुस्तकें पाहून आपणही असें करावें असें त्यांस वाटलें, आणि यंत्र, दगड व शाई यांची जुळवाजुळव त्यांनीं स्वतःच्या खटपटीनें केली, असें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. १८३१ त, म्हणजे शके १७५३ करितां, त्यांनीं पंचांग छापलें. पुढें खिळ्यांची छपाईही त्यांनीं सुरू केली. त्यांनीं शाईंत चरबीऐवजीं तूप वापरलें, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिच्याविषयीं येथें एक खुलासा केला पाहिजे. शिळाछापांत शाया दोन. ज्या शाईनें लेखक लिहितो तींत मेण, साबण, लाख व चरबी हीं द्रव्यें असतात. रुळानें जी लावतात ती कढविलेलें जवसाचें तेल व काजळ यांची असते. तुपाचा उपयोग झाला असलाच तर तो पहिलींत झाला असला पाहिजे. तिचा तर अंशही वाचकाच्या हातांतील कागदावर येत नाहीं! उलट ज्या रुळानें शाई लावतात त्यावर या धंद्यांत कातडें चढविलेलें असे. सोवळ्यांत वाचावयाच्या पोथीचें अक्षर न् अक्षर कातड्याखालून आलेलें आहे, हें तुपावर समाधान मानणाऱ्या मंडळींस बहुधा कोणी सांगितलें नसावें. असो.

आतां छापखान्याच्या दिवसाकडे वळूं. सकाळचें पहिलें काम शिळा घासण्याचें, व तें सर्वांत कष्टाचें. वीस इंच रुंद, अठ्ठावीस इंच लांब व तीन इंच जाड अशी मध्यम शिळा ७० किलोंच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन पक्के मण भरते. दोघांनीं ती उचलून घासण्याच्या चौरंगावर ठेवावयाची, वर चाळलेली वाळू पसरून पाणी शिंपडावयाचें, आणि तिच्यावर दुसरी शिळा पालथी घालून ती गोल गोल फिरवावयाची. वाळू झिजून तिचा चिखल झाला कीं तो धुवून नवी वाळू, पहिलीपेक्षां बारीक. मागल्या कामाची शाई दगडांत किंचित् मुरलेली असते. नुसतें वरचें अक्षर पुसून भागत नाहीं. घासणें कमी पडलें तर चार दिवसांनीं नव्या पोथीच्या समासांत जुन्या पोथीच्या ओळी भुतासारख्या उमटूं लागतात. घासणें एका बाजूस अधिक झालें तर शिळा उतरती होते, दाब सारखा बसत नाहीं, व कधीं यंत्रांतच ती दुभंगते. म्हणून मधून मधून पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून पातळी पाहावी लागे. शेवटीं बारीक छिद्रांच्या हलक्या दगडानें घोटून तिला गुळगुळीत करीत. ज्या शिळेवर चित्र काढावयाचें ती मात्र घोटीत नसत. तिच्यावर बारीक दाणा राखीत.

वाचकांनीं हें वर्णन नीट ध्यानांत घ्यावें, कारण आमचें सर्व म्हणणें त्यावर उभें आहे. दगड परदेशांतून येई, महाग पडे, आणि त्याची जाडी हेंच छापखान्याचें भांडवल. एका शिळेवर एखाद्या प्राकृत पोथीचीं पानें, दुसरीवर गेल्या सालचें पंचांग. दोन्ही एकमेकींवर घासून दोन्हींवरचा मजकूर एकदमच नाहींसा होई. मिरजेस १८०५ त तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली, हें संशोधकांस ठाऊक आहे. तांब्याचा पत्रा छपाई संपल्यावरही राहतो. खिळे सुटे केले तरी पुन्हा जुळवितां येतात. शिळेवरचें मूळ मात्र छापखानाच आपल्या हातानें, आणि तेंही रोजच्या रोज, नष्ट करतो. लेखकानें लिहिलेला कागदही उरत नाहीं, तो कसा तें पुढें येईलच. तेव्हां या लेखकांच्या हाताचें जें कांहीं आज शिल्लक आहे तें फक्त छापलेल्या प्रतींत आहे.

लेखकाचें काम दोन प्रकारें चाले. एक, थेट शिळेवर उलटें लिहिणें. दुसरा प्रकार सोयीचा व आपल्याकडे अधिक चाललेला: एका बाजूस खळ व डिंक यांचें लुकण दिलेल्या कागदावर सुलटें लिहावयाचें, आणि तें शिळेवर उतरवावयाचें. या कागदास धंद्यांतील लोक ट्रान्सफर म्हणत. लेखक सकाळीं शाईची कांडी किंचित् ऊन केलेल्या बशींत घासून पाण्यांत खली. ती त्याच दिवशीं संपवावी लागे, दुसऱ्या दिवशीं निरुपयोगी. पोथीलेखनाची आपली काळी शाई बोरूंतून पाण्यासारखी उतरते. ही शाई उतरतां उतरत नाहीं, आणि उतरली कीं थांबत नाहीं. शिवाय लेखकानें कागदास उघडा हात लावावयाचा नाहीं. बोटाचा स्निग्धपणा कागदावर लागला कीं तो शिळेवर उतरतो व शाई धरतो. वैशाखांतल्या मुंबईंत, घामानें निथळत, मनगटाखालीं कोऱ्या कागदाची घडी ठेवून तो बसे. डोक्यास चोपडलेल्या खोबरेलाचा एक थेंब कपाळावरून ओघळला तर अर्ध्या दिवसाचें काम गेलेंच.

पोथीच्या बाबतींत आणखी एक अडचण होती. इंग्रजी पुस्तकाचें पान डावीकडे उलटतें. पोथीचें पान उलटतांना त्याची खालची कड वर जाते. म्हणजे मागच्या पृष्ठाचा माथा पुढच्या पृष्ठाच्या पायाशीं यावा लागतो. एका शिळेवर अशीं अनेक पानें मांडावयाचीं, कागदाच्या दोन्ही बाजू छापावयाच्या, आणि मग तो कापून पानें सुटीं करावयाचीं. मांडणी चुकली तर अध्यायाचा अध्याय उलटा. मागच्यापुढच्या ओळी प्रकाशासमोर धरल्यावर एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या दिसल्या तर तो छापखाना कसबी समजावा.

लिहिलेला कागद मागून ओला करून ऊन शिळेवर पालथा घालीत व यंत्रांतून कित्येकदां दाबून काढीत. मग पाणी घालून कागद सोलला कीं लुकण विरघळून अक्षरें दगडास चिकटत, आणि लेखकाचा कागद चिंध्या होऊन मोरींत जाई. शिळेवर डिंकाच्या पाण्यांत थोडें तेजाब मिसळून फिरवीत, म्हणजे कोरी जागा पाणी धरण्यास पक्की होई. त्यानंतरची क्रिया पाहून नवशिक्याचा जीव उडे: टर्पेंटाइनानें अक्षरेंच पुसून टाकीत. चार दिवस खपून लिहिलेलें सर्व डोळ्यांदेखत नाहींसें होई. दगड जवळजवळ कोरा दिसे. मग ओलें फडकें व शाईचा रूळ फिरला कीं एकेक ओळ परत उगवूं लागे. ज्यांनीं हें एकवार पाहिलें त्यांस लिहिणें आणि छापणें या दोन वेगळ्या विद्या आहेत असें पुन्हा वाटत नाहीं.

यंत्रावर दोन माणसें. एकानें शिळा ओली करावयाची, दुसऱ्यानें रूळ फिरवावयाचा. मग कागद घालावयाचा, झांकण टाकावयाचें, आणि शिळा कातडें लावलेल्या लांकडी कडेखालून ओढून काढावयाची. छापलेला कागद दोरीवर. पुन्हा पाणी, पुन्हा रूळ. दिवसभर असें चाललें तरी हातयंत्रावर कांहीं शेंकड्यांपलीकडे मजल जात नसे. उन्हाळ्यांत शिळा पाहतां पाहतां सुकते व कोऱ्या जागेवर मळ धरते. डिंकाचें पाणी आंबतें. पावसाळ्यांत कागद वाळत नाहीं व फुगतो. पंचांगाचा हंगाम तर ठरलेला: वर्षप्रतिपदेपूर्वीं गांवोगांव प्रती पोंचल्या पाहिजेत. घटिका-पळांच्या कोष्टकांत एक आंकडा उमटला नाहीं तर मुहूर्त चुके; म्हणून प्रूफ वाचणारा ज्योतिषी आणि यंत्रावरचा माणूस यांची शेवटच्या आठवड्यांत काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

चूक सांपडली तर ती शिळेवरच दुरुस्त करीत. चाकूच्या टोकानें अक्षर खरवडून काढावयाचें, जागा पुन्हा तयार करावयाची, आणि तेथें नवें अक्षर उलटें लिहावयाचें. सुलट्या ओळींत मधेंच असें उलट्या हातानें घातलेलें अक्षर संवय झालेल्या डोळ्यास लगेच दिसतें. तें किंचित् ताठ असतें, शिरोरेषेस नीट मिळत नाहीं, भोंवतीं खरवडल्याची पुसट छटा असते. हस्तलिखितांत हरताळ लावलेली जागा ज्या उत्सुकतेनें आपण पाहतों, त्याच उत्सुकतेनें ही जागा पाहावी. पाठ कोठें व कोणत्या शब्दावर अडला होता, तें ती सांगते. दाबानें शाई पसरते, हेंही ध्यानांत असावें: व च्या पोटांतली पोकळी भरून ब चा भास होतो, घ आणि ध यांतील शिरोरेषेचा फरक बुजतो. शिळाछापी पोथीवरून पाठभेद देणारांनीं अशा जागीं दुसरी प्रत पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

आपल्या हस्तलिखितांच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव, शक, तिथि देतो. पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें, जपून ठेवा, अशी विनवणीही श्लोकांत करतो. त्याच्या श्रमाचें मापही ठरलेलें असे: बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ. शिळाछापी पोथीच्या शेवटीं छापखान्याच्या मालकाचें नांव, शहर व शक असतो. लेखकाचें नांव सहसा नसतें. मान त्याचीही मोडलीच होती. मुंबईंतच छापलेल्या फारसी शिळाछापी ग्रंथांत मात्र कातिबाचें नांव पुष्कळदां अखेरीस आढळतें, कारण त्या विद्येंत हस्ताक्षर ही स्वतंत्र कला मानलेली. आपल्याकडे अक्षर सुंदर असावें एवढीच अपेक्षा होती. तें कोणाचें, हें विचारण्याची चाल नव्हती.

रंगीत चित्रांच्या कारखान्यांत हीच गोष्ट निराळ्या रूपानें दिसते. पुण्यास १८७८ त विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनीं चित्रशाळा काढली. तिचें रामपंचायतन घरोघरीं गेलें. मुंबईस गिरगांवांत राजा रविवर्मा यांनीं १८९४ त जर्मन यंत्रें व जर्मन कारागीर आणून छापखाना घातला. पहिलें चित्र शकुंतलाजन्माचें. प्लेगच्या दिवसांनंतर, १८९९ त, तो कार्ल्याजवळ मळवलीस गेला, व पुढें कांहीं वर्षांतच फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थाकडे आला. धुंडिराज गोविंद फाळके यांनींही चलच्चित्रांकडे वळण्यापूर्वीं या छापखान्याचें काम केलें होतें. हा इतिहास सर्वांस परिचित आहे. कमी परिचित आहे तें चित्र होतें कसें तें. तैलचित्र समोर ठेवून कारागीर प्रथम त्याची रेषाकृति उतरून घेई, आणि मग प्रत्येक रंगाची एक शिळा करी: फिकट पिंवळी, गुलाबी, तांबडी, निळी, करडी, अशा. प्रत्येक शिळेवर त्या रंगाचा जेवढा भाग तेवढाच, आणि तोही काळ्याच स्निग्ध खडूनें किंवा लेखणीनें, ठिपक्या-ठिपक्यांनीं. शकुंतलेच्या गालावरची लाली ही शिळेवर काळ्या ठिपक्यांची एक विरळ-दाट रांगोळी असे. हा रंग त्या रंगावर पडल्यावर काय दिसेल, हें सर्व कारागिराच्या डोक्यांत. भिंगाखालीं धरलें म्हणजे हे ठिपके दिसतात, आणि लवकरच ध्यानांत येतें कीं चेहऱ्यावरचे ठिपके एका हाताचे आहेत व झाडावरचे दुसऱ्या.

दहा शिळांचें चित्र व हजार प्रती, म्हणजे यंत्रांतून दहा हजार वेळां कागद जाणार, व प्रत्येक वेळीं कडेच्या खुणा जुळल्या पाहिजेत. एका रंगाचा दुसऱ्याशीं मेळ केंसभर चुकला तर देवीस चार ओठ येतात. आर्द्रतेनें कागद वाढतो, कोरड्या हवेंत आकसतो. मळवलीसारख्या धो धो पावसाच्या गांवीं पहिल्या व दहाव्या रंगामध्यें कागद एकाच मापाचा राखणें, हें आमच्या मतें त्या कारखान्यांतलें खरें कसब; नांव न टाकलेलें. चित्राखालीं नांव रविवर्म्याचें, किंवा पुढें धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकाराचें. रविवर्म्याचे बंधु सी. राजराज वर्मा यांची रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्यावरून चित्रकारांचा दिनक्रम कळतो. ठिपके देणारानें रोजनिशी लिहिली नाहीं. त्याची शिळाही घासली गेली किंवा फुटली. मळवलीच्या कारखान्यास १९७२ त आग लागली, तीत छापखाना नष्ट झाला.

संग्राहकांनीं पोथी शिळाछापाची आहे हें ओळखावें कसें, याविषयीं थोडें सांगून पुरें करतों. बोरूनें लिहिणाराची शाई दर कांहीं अक्षरांनीं फिकट होते व टांक बुडविला कीं पुन्हा गडद होते. शिळाछापांत ही भरती-ओहोटी नसते. जुन्या प्रतींत जवसाचें तेल मुरून अक्षरांभोंवतीं पिंवळट कडा आलेली असते. खिळ्यांचा दाब पानाच्या पाठीस बोटाला लागतो, शिळाछापाची पाठ सपाट असते. आणि खिळ्यांच्या छापांत एक क दुसऱ्या क सारखाच, येथें प्रत्येक क वेगळा. एकाच पोथीच्या दोन प्रती हातीं आल्यास एक जादा म्हणून देऊं नये. मोठ्या आवृत्तींत शिळेवरचें अक्षर थकलें कीं नवें लिहून नवी शिळा करीत. एकाच सालाच्या, एकाच छापखान्याच्या दोन प्रती निराळ्या हातांच्या निघूं शकतात. दोन्ही शेजारीं ठेवून ओळींचे शेवट ताडून पाहावे. नोंद करतांना शक व छापखाना यांबरोबर हात किती दिसतात, खरवडलेलीं अक्षरें कोठें आहेत, मागच्यापुढच्या ओळी जुळतात कीं नाहीं, हेंही लिहावें. पंचांगें वर्ष संपतांच टाकाऊ होतात, म्हणून जुन्या सालांचीं फारच दुर्मिळ. तीं सबंध मिळण्याची वाट पाहूं नये. जमाखर्चाच्या वह्यांचे पुठ्ठे, पोथ्यांस खालींवर लावलेले जाड कागद, देव्हाऱ्याच्या पेटींतील अस्तर, या जागा सावकाश ओल्या करून उकलून पाहाव्या.